घरची फळांची जेली: संत्र्याची जमली, कोकमाची का जमत नाही?

रानजाई
३ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. अप्पांचे (माझे वडील, वय ७८) उरलेसुरले दात महिन्यापूर्वी काढले. नवी कवळी अजून हिरड्यांना टोचते, त्यामुळे मऊ भात, पेज, दुधात कुस्करलेली पोळी असं चाललंय. फळांवर त्यांचा फार जीव. केळं, चिकू देते, पण त्यांना हवं असतं आंबट. संत्र्याची फोड तोंडात धरून रस चोखतात आणि चोथा हातात घेऊन बसतात. मला ते बघवत नाही.

१५ तारखेला त्यांचा वाढदिवस आहे. त्या दिवशी केकऐवजी फळांची जेली करायची असं ठरवलंय. घर पूर्ण शाकाहारी, त्यामुळे जिलेटिन नको, चायना ग्रासच वापरणार. गेल्या आठवड्यात तीन प्रयोग केले.

संत्रं: १० ग्रॅम चायना ग्रासच्या पट्ट्या कात्रीने कापून अर्धा तास दोन कप पाण्यात भिजवल्या, मंद आचेवर विरघळवल्या, साखर घातली, मग दोन कप संत्र्याचा रस. चव छान, पण जेली चांगलीच घट्ट झाली. चमचा मारला की तुकडा तुटतो, थरथरत नाही.

स्ट्रॉबेरी: दुसऱ्या दिवशी वाटीत खाली पाणी सुटलं.

कोकम: सगळ्यात जास्त हीच हवी होती. आई मालवणची, अप्पांना तिच्या हातची सोलकढी प्रिय. आई जाऊन सहा वर्षं झाली. पाण्याऐवजी कोकमाच्या पाण्यातच चायना ग्रास चांगली दहा-बारा मिनिटं उकळली. रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही पातळच. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळली, तर आणखी पातळ झाली!

प्रमाण चुकतंय की पद्धत? ज्यांनी केली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मीठभाकर
३ फेब्रुवारी, सकाळी ११:०२

पट्ट्यांचं प्रमाण कमी करून बघ. मी १० ग्रॅमला पाच कप द्रव घेते आणि आम्हाला ती मऊ लागते. कोकमाचं मलाही कोडंच आहे. वाचतेय.

पेट्रीडिश
३ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

रानजाई, कोकमाला प्रमाण तुमचं ठीक होतं, गडबड उकळण्यात आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो आणि अगर हा माझा रोजचा माल होता, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

चायना ग्रास म्हणजे अगर. तांबड्या समुद्री शैवालातून काढतात. साखरेसारख्याच कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात. पाण्यात उकळल्या की सुट्या होतात आणि थंड होताना एकमेकींत गुंफून जाळं तयार करतात. त्या जाळ्यात पाणी अडकतं, ती जेली. आता आंबट पाण्यात अगर उकळलं, तर आम्ल आणि उष्णता मिळून त्या साखळ्यांचे तुकडे पाडतात. आखूड तुकड्यांचं जाळं होत नाही. तुम्ही दुसऱ्यांदा उकळलं तेव्हा उरलेल्या साखळ्याही तुटल्या, म्हणून आणखी पातळ. ते मिश्रण आता कितीही थंड केलंत तरी जमणार नाही. सरबत म्हणून पिऊन टाका.

उपाय सोपा आहे. अगर फक्त साध्या पाण्यात उकळायचं. पूर्ण विरघळलं, गॅस बंद केला, वाफ जरा ओसरली की मग कोकम, लिंबू, संत्रं, जे काही आंबट असेल ते घालायचं. संत्र्याला तुम्ही नेमकं हेच केलंत, म्हणून ती जमली.

आणखी एक. रस फ्रीजमधला थंडगार नको. अगर ३५-४० अंशांच्या आसपास थिजायला लागतं, फ्रीजची गरजच नसते. थंड रस ओतला की पातेल्यातच दाणे धरतात आणि मग ती जेली न राहता फाटलेल्या दुधासारखी दिसते. रस आधीच बाहेर काढून ठेवा, जमल्यास जरा कोमट करा.

रानजाई
३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

पेट्रीडिश काका, मनापासून आभार! 'आंबट पाण्यात उकळू नये' एवढं एक वाक्य पाकिटावर छापलं असतं तर दोन दिवस वाचले असते. स्ट्रॉबेरीचं पाणी का सुटलं असेल?

पेट्रीडिश
३ फेब्रुवारी, दुपारी १:५०

थोडं पाणी सुटणं हा अगरचा स्वभावच आहे. ते जाळं हळूहळू आवळत जातं आणि पाणी बाहेर पिळलं जातं. प्रयोगशाळेतल्या बशांनाही पाणी सुटायचं, म्हणून आम्ही त्या उलट्या ठेवायचो. घरी ताजी करून त्याच दिवशी खाणं हा उत्तम मार्ग. शिवाय स्ट्रॉबेरीला स्वतःचंही पाणी सुटतं, ते वेगळं.

पाचगणीकर
३ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

स्ट्रॉबेरीबद्दल आमच्याकडची पद्धत सांगते. फळ चिरून वर साखर भुरभुरवायची आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं. साखर फळातलं पाणी ओढून घेते, तळाशी लालभडक रस जमतो. तो रस गाळून जेलीच्या द्रवात धरायचा आणि निथळलेले तुकडे जेलीत घालायचे. पाणी आधीच निघून गेल्यामुळे नंतर फारसं सुटत नाही आणि रंगासाठी दुसरं काही घालावं लागत नाही. आत्ता फेब्रुवारीत फळ गोड आहे. फक्त पूर्ण पिकलेलं घ्या, देठाशी पांढरं असलेलं जेलीत अगदीच बेचव लागतं.

संत्रानगरी
३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

नागपूरहून लिहितो. सध्या मृग बहाराची संत्री बाजारात आहेत, रसाला चांगली. पण रस आयत्या वेळी काढा. काढून ठेवला की तो कडवट होतो. बिया मिक्सरमध्ये अजिबात जाऊ देऊ नका. आमच्याकडे आई फोडी सोलून, पांढरे धागे आणि आतलं पातळ सालही काढून नुसता गर ठेवते. वेळ लागतो, पण असा गर जेलीत घातला तर अप्पांना चावायला काही उरत नाही. चोथा हातात घेऊन बसतात हे वाचून आमचे आजोबा आठवले.

ओहायोची_माई
३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा छानच. माझाही एक न सुटलेला प्रश्न घालते. इथे नातवंडांसाठी मी जिलेटिनची जेली करते (आमच्याकडे चालतं). परवा ताज्या अननसाची केली. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. पूर्ण रात्र फ्रीजमध्ये ठेवूनही नुसतं पाणी. डब्यातल्या अननसाची मात्र मागे अगदी सुंदर झाली होती. हे काय गौडबंगाल?

पेट्रीडिश
३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

माई, आपण मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई लावतो ना, तेच तुमच्या जेलीत झालं.

जिलेटिन हे प्रथिन आहे, जनावरांच्या कातडी-हाडांमधल्या कोलॅजेनपासून केलेलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं. पपईतलं पपेन, किवीतलं आणि अंजिरातलं विकर हेच करतं, ताजं आलंसुद्धा. डब्यातलं अननस डबाबंद करताना तापवलेलं असतं, त्या उष्णतेने विकर निकामी होतं, म्हणून ती जमली. ताजंच वापरायचं असेल तर फोडी थोड्या साखरपाण्यात पाचेक मिनिटं चांगल्या उकळून घ्या आणि गार झाल्यावर घाला.

रानजाई, तुम्हाला ही अडचण नाही. अगर प्रथिन नसल्याने अननस त्याला काही करू शकत नाही.

थोडक्यात जिलेटिनला अननस-पपई चालत नाही, अगरला आंबट उकळणं चालत नाही. दोन्ही वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. 'जिलेटिनऐवजी तेवढंच अगर घाला' असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. जिलेटिनचं ७ ग्रॅमचं पाकीट दोन कप द्रवाला मऊसर जमवतं, अगरची पावडर तेवढ्याला ३ ते ४ ग्रॅम पुरते. आणि जिलेटिन थंड पाण्यात दहा मिनिटं फुलवून मग गरम द्रवात विरघळवायचं, उकळायचं नाही. अगर न उकळता विरघळतच नाही.

मीठभाकर
४ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

काका, प्रयोगशाळेत अगर कुठून आलं? मला वाटायचं ते खाण्याचंच.

पेट्रीडिश
४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

स्वयंपाकघरातूनच आलं! ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचो. १८८१ मध्ये वॉल्थर हेसे हे डॉक्टर बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जिवाणू वाढवायला तेव्हा जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळायचं, शिवाय काही जिवाणू जिलेटिनच खाऊन टाकायचे. हेसेंची पत्नी फॅनी त्यांना कामात मदत करायची, चित्रं काढून द्यायची. तिच्या घरच्या जेली उन्हाळ्यातही घट्ट राहायच्या, कारण ती अगर वापरायची. लहानपणी ती न्यूयॉर्कला असताना, जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. तिने नवऱ्याला सुचवलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांचं काम पालटलं. कॉखने १८८२ च्या क्षयरोगावरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, पण फॅनीचं नाव त्यात नाही. मला याचं कायम वाईट वाटतं. म्हणून जिथे अगरचा विषय निघेल तिथे मी तिचं नाव घेतो.

अगर जमतं ४० अंशांच्या खाली, पण एकदा जमलं की वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यातही ते वितळणार नाही. जिलेटिन मात्र अंगाच्या उष्णतेलाच वितळतं, त्यामुळे जिभेवर विरघळण्याचं सुख त्यात आहे. अगर जिभेवर विरघळत नाही, तुटतं. अप्पांसाठी म्हणूनच ते मऊ जमवायला हवं.

वेलांटी
४ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

फॅनीची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद काका.

मी मदुराईत राहते, इथे याला 'कडल पासी' म्हणतात. म्हणजे शब्दशः समुद्राचं शेवाळ. रमजानमध्ये शेजारच्या घरून इफ्तारच्या ताटात हमखास येतं, नारळाच्या दुधाचं किंवा गुलाबी रंगाचं, शंकरपाळ्यांसारखं कापलेलं. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका बोटांना चिंध्या गुंडाळून, बुड्या मारून खडकांवरचं हे शेवाळ काढतात. त्या चिंध्या गुंडाळलेल्या बोटांकडे पाहिल्यापासून मी पातेल्याच्या तळाला राहिलेली जेलीही वाया घालवत नाही.

तुळशीवृंदावन
४ फेब्रुवारी, दुपारी १२:००

चायना ग्रास उपासाला चालते का?

मीठभाकर
४ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

आमच्याकडे चालते, धान्य नाही ना. पण ज्याच्या त्याच्या घरची रीत. मोठ्यांना विचारून घ्या.

परिचारिका_संध्या
४ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

रानजाई, एक महत्त्वाचं विचारते. अप्पांना फक्त चावायचा त्रास आहे की गिळायचाही? पाणी पिताना ठसका लागतो का? नुसता दातांचा प्रश्न असेल तर मऊ जेली उत्तम. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कारण जेलीचा निसरडा गोळा अशा माणसाच्या घशात अडकू शकतो. हेच लहान मुलांचं. छोट्या कपातली अख्खी जेली मुलांना ओढून गिळू देऊ नये, चमच्याने लहान तुकडे करून द्यावी, आत अख्खं द्राक्ष तर नकोच.

दुसरं, हे सगळ्यांसाठी. कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या तपासणीच्या) आदल्या दिवशी किंवा शस्त्रक्रियेनंतर 'क्लिअर लिक्विड' म्हणजे फक्त पारदर्शक पातळ पदार्थ घ्यायला सांगतात, त्यात जेली चालते असं लिहिलेलं असतं. ती जिलेटिनची जेली, कारण पोटात जाऊन तिचं पाणीच होतं. अगर पोटात वितळत नाही, ते तंतूमय पदार्थासारखं पुढे जातं. शाकाहारी घरात सद्भावनेने चायना ग्रासची करून देतात. तसं न करता डॉक्टरांना विचारून घ्या. आणि लाल किंवा जांभळ्या रंगाची तर कुठलीच नको.

रानजाई
४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

संध्याताई, बरं झालं विचारलंत. गिळायचा त्रास नाही, पाणीबिणी व्यवस्थित पितात. तरीही पहिला चमचा मी समोर बसूनच देईन.

मांडवीकाठ
५ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

मी पणजीची. कोकमाची जेली मी करते, म्हणून सांगते.

आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरू नकोस, त्यात मीठ फार असतं. सरबताच्या गोड सिरपमध्ये साखर फार. सुकी कोकमं घे, दहा-बारा, ती मिठाची असतील तर एकदा पटकन धुऊन घे, आणि एक कप गरम पाण्यात तासभर भिजव. हाताने कुस्कर, गाळ. रंग असा येतो की दुसरं काही लागत नाही. त्यात चवीपुरती साखर विरघळव, चिमटीभर जिरेपूड घातलीस तर आईची आठवण जवळ येईल.

आता थर. अर्धी जेली कोकमाची आणि अर्धी नारळाच्या दुधाची कर. अगर एका कप पाण्यात उकळ, त्यातलं अर्धं कोकमाच्या कपात घाल आणि वाट्यांत ओत. उरलेलं अर्धं पातेल्यातच मंद आचेवर कोमट राहू दे, नाहीतर तिथेच जमेल. पहिल्या थरावर बोट टेकवलं की चिकट लागलं पाहिजे, पण बोट आत जाता कामा नये. त्याच क्षणी दुसरा थर. पहिला पूर्ण घट्ट झाला तर दोन्ही थर एकमेकांना धरत नाहीत, कापताना घसरून वेगळे होतात. नारळाचं जाड दूध कोमट करून गॅस बंद केल्यावरच अगरमध्ये घाल, उकळलंस तर फाटेल. आणि दुसरा थर पळीच्या पाठीवरून हळू सोड, नाहीतर खालच्या थराला खड्डा पडतो.

पेट्रीडिश
५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

फार छान सांगितलंत. यात एवढीच भर घालतो की ओतण्याआधी नेहमी बशीची परीक्षा घ्या. मिश्रणाचा एक चमचा स्टीलच्या थंड बशीत टाका. दोन मिनिटांत जमेल. बोटाने ढकलून बघा. फार घट्ट वाटलं तर कोमट पाणी किंवा रस वाढवा, फार सैल वाटलं तर थोडं अगर वेगळ्या पाण्यात उकळून त्यात मिसळा. पावडर प्रत्येक दुकानातली वेगळ्या ताकदीची असते, त्यामुळे पाकिटापेक्षा बशीवर भरवसा ठेवा. अप्पांसाठी दर कपाला सपाट पाऊण चमचा पावडरीने सुरुवात करा. चहाचा चमचा, ढीग नको.

रानजाई
८ फेब्रुवारी, रात्री ८:४०

आज तालीम केली. पावडर आणली होती. पाऊण चमच्याने बशीवर जमलेली जेली जरा घट्ट वाटली, म्हणून अर्धा चमचा प्रति कप केला. अगर साध्या पाण्यात उकळलं, तळाशी पांढरा कण दिसेनासा होईपर्यंत ढवळत राहिले, सात-आठ मिनिटं लागली. मग गॅस बंद, साखर, आणि शेवटी कोकमाचं कोमट पाणी.

जमली! वाटी हलवली की मधोमध थरथरते. वाट्या आधी पाण्याने ओल्या केल्या होत्या, सुरीचं टोक कडेने फिरवलं आणि अख्खी बशीत उतरली.

नारळाच्या थराला मात्र उशीर झाला. फोन आला आणि खालचा थर घट्ट झाला. कापल्यावर दोन्ही थर सुटे झाले.

मांडवीकाठ
८ फेब्रुवारी, रात्री ९:१५

पुन्हा तसं झालं तर काट्याच्या टोकाने खालच्या थरावर हलक्या रेघा ओढ आणि वरचा थर जरा जास्त गरम ओत. बराच धरतो.

रानजाई
१६ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

मंडळी, काल वाढदिवस झाला.

सकाळी सहाला उठून केली. सहा वाट्या कोकम-नारळाच्या आणि नातवंडांसाठी एक ताटली स्ट्रॉबेरीची (पाचगणीकर, साखर लावून निथळवली, पाणी जेमतेम चमचाभर सुटलं). संत्र्याचा गर सोलून ठेवला होता तो अप्पांच्या वाटीत नुसताच बाजूला दिला.

अप्पांनी आधी चमच्याची पाठ जेलीवर दाबून बघितली. मग खालचा लाल आणि वरचा पांढरा दोन्ही एका चमच्यात घेतला, तोंडात धरला, कवळी न हलवता जिभेनेच मोडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही सोलकढी थिजवलीस होय गं? जिरं घातलंयस. ती पण घालायची." दोन वाट्या संपवल्या. संध्याकाळी दिवे लावल्यावर फ्रीज उघडून तिसरी स्वतःच काढून घेतली.

काका, फॅनी हेसेची गोष्ट जेवताना मुलांना सांगितली. धाकटीने तिचं नाव विचारून वहीत लिहून घेतलंय.

आता एप्रिलमध्ये आंब्याची करायची आहे. रस दाट असतो, तर अगरचं प्रमाण तेवढंच ठेवू का?

मांडवीकाठ
१६ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

वाचून डोळे भरले गं. आंब्याला अगर जरा कमीच लागतं, रसाचा स्वतःचा दाटपणा असतो. दोन कप रसाला एक कप पाण्यात उकळलेलं, दीड चमच्याहून जरा कमी पावडरचं अगर घेऊन सुरू कर, आणि बशीची परीक्षा आहेच. रस गाळून घे, हापूस असला तरी रेषा राहतातच.